म्हशीवर आळ न घेणारा विमेदार

छापील कागदावर सही करताना, तोटा होणार हे समोर दिसत असताना, तुम्ही शेवटचं खरं कधी लिहिलंत? चटकन उत्तर देऊ नका. माझ्या वडिलांचा महाडला छोटा छापखाना होता. लहानपणी मी पाळण्यापेक्षा पत्रकांच्या गठ्ठ्यांवर जास्त झोपलो, त्यामुळे छापलेल्या शब्दाबद्दल मी जरा हट्टी आहे. पण माझ्या आतेभावापुढे माझा हट्ट म्हणजे काहीच नाही. आम्ही त्याला दादा म्हणतो. अख्ख्या महाड-पोलादपूर पट्ट्यात वेगावर त्याच्याइतकं प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतकी हळू मोटरसायकल चालवणाराही झाला नाही. ही दोन विधानं एकाच माणसाबद्दल कशी खरी असू शकतात, असं तुम्हाला वाटेल. दादाबद्दल नेहमी दोन विधानंच खरी असतात.

महाडच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता. घर पोलादपूरच्या पलीकडे, उमरठच्या वाटेवर. त्याच्याकडे शंभर सीसीची लाल मोटरसायकल होती आणि तिच्यावर तो हेल्मेट घालून बसायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे हेल्मेट म्हणजे बँकेवर दरोडा घालायला निघालेल्या माणसाची वस्तू होती. त्याला सायकलवरचा दूधवाला मागे टाकायचा. एकदा नाते गावी लग्नाला जाताना वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं, आणि ट्रॉलीतल्या बायकांनी "या हो सावकाश, अक्षता ठेवतो तुमच्यापुरत्या" म्हणून हात केले. दादानेही शांतपणे हात केला, कारण पुढे वळण होतं आणि वळण्याआधी हात दाखवायचा नियम आहे. हा नियम तो पायी चालतानाही पाळायचा. महाडच्या बाजारात कांद्याच्या गाडीकडे वळताना उजवा हात आडवा करून उभा राहिलेला माणूस दिसला, तर तो माझा भाऊ, हे मला न बघताही कळायचं.

मागे बसून मी एकदा वैतागलो. म्हटलं, "दादा, अरे जरा पीळ की कान तिचे!" त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली, हेल्मेट काढलं आणि मग उत्तर दिलं. चालत्या गाडीवर तो वाद घालत नसे. "रस्ता सगळ्यांचा हाय रे. शेळीचा, म्हातारीचा, शाळेच्या पोरांचा. वेग माझ्या एकट्याचा. माझी एकट्याची वस्तू मी सगळ्यांच्या जागेत कशी पसरू?" मी जागच्या जागी पेटलो. हायवेवर पैजा लावून गाड्या पळवणारी पोरं तेव्हा महाडमध्ये होती आणि त्यांच्या आयांच्या डोळ्यांतली भीती मी पाहिलेली होती. म्हटलं, हे वाक्य मी छापतो आणि चौकाचौकात वाटतो. दादा म्हणाला, "छाप. पन रस्त्यात वाटू नको. लोक वाचायला थांबतील आन मागून ट्रक येल."

आणि याच माणसाचं वेगावर प्रेम होतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कुठल्यातरी साहेबाने टाकून दिलेलं मोटारींचं एक इंग्रजी मासिक त्याला सापडलं आणि तिथून ते सुरू झालं. मद्रासकडे एक खास ट्रॅक आहे. तिथे वर्षातून काही वेळा मोटर क्लब साध्या माणसांनाही आपापली गाडी आणून पळवू देतो. समोरून कोणी येत नाही, आडवं कोणी येत नाही, कडेला झाड नाही, आणि ॲम्ब्युलन्स आधीच येऊन उभी असते. हे वाचल्यावर दादाला स्वर्गाचा पत्ता मिळाल्यासारखं झालं. तो तयारीला लागला. जेवायला बसला की पाटावर डावीकडे कलून भात आणि उजवीकडे कलून आमटी घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी आंबेनळी घाटात पायी जाऊन तो वळणांवर खडूने खुणा करायचा. कुठे कलायचं, कुठे सरळ व्हायचं, सगळं डांबरावर लिहिलेलं. चार दिवसांनी खालच्या वाडीतले दोघे सातबारा घेऊन घरी हजर. रस्ता रुंद होणार असं त्यांना वाटलं होतं आणि कोणाची जमीन जाणार ते विचारायचं होतं. दादाने त्यांना चहा पाजला आणि कलण्याचं शास्त्र समजावलं. ते गेले, पण त्यांचा संशय काही गेला नाही.

मी विचारलं, "एवढं कशासाठी?" तो गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाला, "मी हिला कधी अर्ध्याच्या वर पिळली नाय. हिचा पुरा आवाज हिलाच ठाऊक नाय रे. एकदा ऐकवायचा हाय."

ऐकवायला हरकत कोणाचीच नव्हती. रजा मिळत होती, क्लबचं उत्तर आलं होतं, पुण्याहून गाडी रेल्वेने पार्सल करता येत होती. अट घातली ती वहिनीने. वहिनी अंगणवाडी सेविका. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, तिथे तिची अंगणवाडी. एसटी तिथे जात नव्हती, मातीचा रस्ता पाहून जीपवाले हात जोडत. वर जायची ती फक्त दादाची लाल गाडी, मागे वहिनी, तिच्या मांडीवर वजनकाटा आणि पोरांच्या खाऊची, सुकडीची पिशवी. दादाने त्यासाठी कारखान्यात कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती. वेळेवर पोचलं नाही तर वाडीतली पोरं गुरांमागे निघून जात आणि मग दिवसभर हाती लागत नसत, ना खाऊला ना वजनाला. वहिनी म्हणाली, "अवो, जावा. मी कुटं नको म्हनते? पन गाडी तिकडं मोडली तर डोंगर चढायचा मी, तुमी नाय. म्हनून कागद आना. तिकडं पडली तरी भरून मिळल असा कागद. तो आला की मी सोता गाडीला हळदकुंकू लावते."

यात चूक काय होती? मला विचाराल तर काहीच नाही. ज्याचे पाय पणाला लागतात, त्याला अट घालायचा हक्क असतो. दादालाही तसंच वाटलं आणि तो तो कागद शोधायला निघाला.

आधी त्याने आपलीच पॉलिसी वाचली. मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरं, शब्दकोश मांडीवर घेऊन. शर्यत आणि वेगाची चाचणी यांत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. तो महाडच्या विमा कचेरीत गेला. मी बरोबर होतो, खिशात निषेधाच्या पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन. शाखाधिकारी सज्जन होते. म्हणाले, "अहो, गाडी रस्त्यावर पडू दे, ती आमची. ट्रॅकवर पडली की तुमची."

दादा म्हणाला, "साहेब, रस्त्यावर समोरून ट्रक येतो, बाजूने कुत्रं येतं, मागून प्यालेला येतो. तिथं तुम्ही माझी जबाबदारी घेता. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात, आणि डॉक्टर उभा असतो. तिथं घेत नाही. तुम्हाला जास्त धोका आवडतो का?"

शाखाधिकाऱ्यांनी पॉलिसी उलटून ती बारीक अक्षरं स्वतःही एकदा वाचली. "मुद्दा बरोबर आहे तुमचा," ते म्हणाले, "पण तो इथे चालत नाही." मी पत्रक बाहेर काढणार, तेवढ्यात दादाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे साहेब खरं बोलले. खरं बोलणाऱ्यावर पत्रक काढू नये."

मग पुण्याची मोठी कचेरी. दादा वरंध घाटाने, अर्थातच सगळ्यांना पुढे जाऊ देत, भोरवरून पुण्याला पोचला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने आशा दाखवली. रॅली असेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीला तशी परवानगी जोडून मिळते, म्हणाला. फक्त गाडी एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोचली पाहिजे. ट्रॅक गोल असतो, त्यामुळे बसत नाही. दादाने विचारलं, "म्हणजे कुठेतरी पोचायला हवं?" "हो." "मी जिथून निघतो तिथेच पोचतो. घरून निघालेला प्रत्येक माणूस तेच करतो." अधिकारी हसला, चहा मागवला, पण कागद दिला नाही. अपघाताची आणखी एक पॉलिसी पाहिली, तर तिच्यात धाडसी खेळ वगळलेले. यादी वाचताना दादाला कळलं की सुकडीची पिशवी घेऊन पावसात डोंगर चढणं हा धाडसी खेळ धरलेला नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

असा तो थकून आलेला असताना घरी एजंट आला. महाडचा एजंट, सफारी घालणारा, बोलायला साखर. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांचे विमे त्याचे. ओसरीवर बसून तो म्हणाला, "दादा, कशाला कचेऱ्या झिजवता? तुम्ही जा, पळवा, पडा. गाडी घरी आणा. मग मी आहे की! वरंधच्या वळणावर म्हैस आडवी आली. विषय संपला."

"कोणाची म्हैस?" दादाने विचारलं.

"कोणाची का असेना. म्हैस ती म्हैस."

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या तालुक्यांत त्या काळी प्रत्येक अपघात म्हशीमुळे व्हायचा. दारू पिऊन पुलाच्या कठड्यावर गेलेला म्हैस लिहायचा, पैज लावून घसरलेला म्हैस लिहायचा. ते दावे कोणी एकत्र वाचले असते, तर आमच्या म्हशी दूधबीध सोडून दिवसभर मोटरसायकलींची वाट बघत घाटात दबा धरून बसतात, अशी त्याची खात्री झाली असती. आणि माझ्या आत्याच्या, म्हणजे दादाच्या आईच्या, गोठ्यात म्हशी होत्या. एकदा खालच्या आळीतल्या एकाने लग्नाहून झिंगून येताना गाडी ओढ्यात घातली आणि दाव्यात थेट आत्याच्या म्हशीचं नाव घातलं. कंपनीचा सर्व्हेयर चौकशीला घरी आला. आत्या त्याला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेली. "ही बगा म्हस. पुसा तिलाच. ती जनमात कुनाच्या आडवी गेली नाय. ती उभी ऱ्हाते, जग तिच्या आडवं जातं." सर्व्हेयरने म्हशीच्या पायावर खरचटलेलं शोधायला वाकून पाहिलं. म्हशीने शेपूट फिरवली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर आपली साक्ष नोंदवली. पण दावा मंजूर झाला! आत्या त्या दिवशी जेवली नाही. लहानपणी त्याच म्हशीच्या आईच्या पाठीवर बसून तोल शिकलेला दादाही जेवला नव्हता.

म्हणून एजंटचं बोलणं ऐकून दादा उठला. आवाज चढवला नाही. "एजंट भाऊ, मी पडलो तर माझ्या हाताने पडेन. मुक्या जनावरावर आळ घेणार नाय." एजंट मनापासून चकित झाला. "अहो, म्हशीला काय कळतंय? तिला थोडीच नोटीस जाणार आहे?" दादा म्हणाला, "मला कळतं ना!"

याला मी बाणेदारपणा म्हणतो. सगळेच लिहितात म्हणून खोटं लिहायचं, असं जो म्हणतो त्याने स्वतःला एकदा तरी विचारावं, की आपली चूक आपण नेहमी बोलता न येणाऱ्याच्याच गळ्यात का बांधतो?

शेवटी हाती राहिलं ते इतकंच. मोटर क्लब त्या दिवसापुरता प्रत्येक चालवणाऱ्याच्या जिवाचा विमा उतरवायचा. हाड मोडलं तर खर्च मिळणार. गाडीला मात्र काही नाही. एका दुपारी वहिनी सुपात तांदूळ निवडत होती, तेव्हा दादाने सगळं तिच्यासमोर मांडलं. काहीही लपवलं नाही.

वहिनीने सूप हलवलं. "म्हंजी तुमचं हाड भरून मिळनार, गाडीचं नाय."

"हां."

"आन म्हस लिवायची नाय."

"नाय गो."

"मंग पडू नका."

"पडलो तर?"

वहिनीने एक खडा उचलून अंगणात टाकला. "पडलात तर माझ्यासंगं डोंगर चालायचा. वजनकाटा तुमी घ्यायचा. गाडी उभी ऱ्हाईपत्तुर रोज. हाय कबूल?"

"कबूल."

सवयीने मी खिशातून पेन काढलं, हे लिहून ठेवू या म्हणून. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन परत खिशात ठेवलं. महाडपासून पुण्यापर्यंत शोधूनही जी पॉलिसी मिळाली नव्हती, ती सुपाशेजारी बसून तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी वहिनीने गाडीला हळदकुंकू लावलं. कागद आला नव्हता, तरी लावलं.

दादा गेला. गोणपाटात गुंडाळलेली गाडी त्याच्या आधी मद्रासला पोचली. आणि मग, त्याच्याच तोंडून ऐकलंय मी, लांबलचक सरळ पट्ट्यावर त्याने पहिल्यांदा कान पूर्ण पिळले आणि गाडीने आपला पुरा आवाज काढला. "कसा होता?" मी विचारलं. "आपली आई तरुणपणी गायची, असं कोणी सांगावं, आन मग एक दिवस ती खरंच गावी, तसा," तो म्हणाला.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग पट्ट्याच्या टोकाला उजवं वळण आलं, मागून एकजण जोरात येत होता, आणि दादाने, केवळ गाड्या पळवण्यासाठी बांधलेल्या त्या ट्रॅकवर, नियमाप्रमाणे उजवा हात बाहेर काढून दाखवला. गाडीचा कान, म्हणजे वेगाची मूठ, उजव्या हातातच असते. पुढचं तुम्ही समजून घ्या. मागून येणारा सुखरूप गेला. दादा आणि गाडी दोन वेगवेगळ्या वाटांनी गवतात गेले. क्लबचे लोक धावत आले तेव्हा तो आडवा पडून म्हणत होता, "त्यांना लागलं नाय ना? मी हात दाखवला होता."

गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याचा खर्च क्लबच्या विम्याने मुकाट दिला. गाडीचं पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला, टाकी चेपली, हँडल भलतीकडे बघायला लागलं. गाडी घरी पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एजंट आला. फॉर्म भरूनच आणला होता, फक्त सही बाकी. "काळजी करू नका. वरंधचं वळण, म्हैस काळी, पळून गेली. मी सगळं बसवलंय."

दादाचा हात गळ्यात बांधलेला. त्याने फॉर्मकडे पाहिलं नाही, वहिनीकडे पाहिलं. कारण पाय तिचे होते. मला मान्य करायला हवं, त्या क्षणी मला भीती वाटली. डोंगर खरा होता, पाऊस तोंडावर आला होता आणि सही एका ओळीची होती. आत्या गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती.

वहिनी म्हणाली, "एजंट भाऊ, चहा ठेवलाय, तो घ्या. आन कागद घेऊन जावा. आमचं ठरलंय."

"अहो वहिनी, पण डोंगर कोण चढणार?"

"आमी दोघं," ती म्हणाली आणि चहात साखर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. दादाच्या एका खांद्यावर वजनकाटा, दुसरा खांदा फडक्यात. वहिनीच्या डोक्यावर सुकडीची पिशवी. गाडी उभी राहायला फार वेळ लागला. फोर्क पुण्याहून येईना, आलेला बसेना, आणि दादा स्वतःच सगळं करणार म्हणून बसलेला. पावसाळा गेला, भात कापून झालं. वाटेत दादा तिला ट्रॅक सांगायचा. इथे असं कलायचं, आता सरळ, आता मोकळी सोडायची. डोंगराच्या वाटेवरचं प्रत्येक वळण त्याने मद्रासच्या एकेका वळणाला जोडलं. काही दिवसांनी वहिनीच पुढे होऊन सांगायला लागली, "अवो, हात काढू नका हां इथं, हितंच पडलात तुमी." वाडीतली पोरं वरून ऐकायची आणि हसायची. एकही पोर त्या दिवसांत गुरांमागे निघून गेलं नाही. हे दोघं काय बोलत येतात, ते ऐकायला सगळी वाटेवर येऊन बसलेली असायची.

गाडी शेवटी उभी राहिली. कबूल केलेलं सगळं पुरं झालं होतं, दादा सुटला होता. पहिल्या दिवशी वहिनी मागे बसली, मांडीवर वजनकाटा घेतला आणि दोघं गाडीवरून वर गेले. संध्याकाळी मी सहज विचारलं, "कसं वाटलं?" वहिनी म्हणाली, "लवकर पोचलो." त्या दोन शब्दांत जे होतं, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. दादाला कळलं असावं. पुसलेली टाकी त्याने पुन्हा पुसली.

आता त्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. तुमच्यापैकी कोणी गाडी घेऊन उमरठला आलात आणि हौसेने तसेच वर गेलात, तर एखाद्या सुट्टीच्या सकाळी कडेने चालणारी दोन माणसं दिसतील. अंगणवाडीला सुट्टी आहे, हात रिकामे आहेत, कुठे जायची घाई नाही. पुरुष मध्येच एका बाजूला कलतो, आणि बाई हसून काहीतरी सांगते. माझी एवढीच विनंती आहे. "बसता का, सोडतो वर" असं विचारू नका. गाडी हळू करा, धूळ उडू देऊ नका, आणि त्यांचं बोलणं मोडणार नाही एवढं लांबून पुढे निघून जा.